गेटवरचं ॲप चालेल, चेहरा ओळखणारं मशीन नको

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व कमिटी मेंबर,
आपली सोसायटी, कोल्हापूर

विषय: गेटच्या ॲपचा आणि फेस मशीनचा ठराव करण्याआधी विचारात घ्यायच्या गोष्टी

सप्रेम नमस्कार साहेब,

रविवारी कंपनीच्या माणसानं गेटवर येणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या ॲपचा आणि चेहरा ओळखणाऱ्या मशीनचा डेमो दिला तेव्हा मी होतो, पण तिथं सगळेच एकदम बोलत होते त्यामुळं नीट मांडता आलं नाही, म्हणून लिहून देतोय. कमिटी घरची कामं सोडून हे सगळं बघते याची जाणीव आहे, फक्त ठराव व्हायच्या आधी हे एकदा सगळ्यांनी वाचावं एवढीच विनंती.

ॲप यावं असं मलाही वाटतं हे आधीच सांगतो. आईचे गुडघे गेलेत, पार्सलवाला खालनं फोन करतो आणि ती मोबाईल शोधेपर्यंत तो परत गेलेला असतो, मग मी शिरोलीत कामावर असताना नोटिफिकेशन आलं आणि तिथनंच 'गेटवर ठेवा' असं दाबता आलं तर आम्हाला मोठाच आधार होईल. आणि आत्ताचं रजिस्टर तरी कुठं सुरक्षित आहे? टेबलावर उघडं पडलेलं असतं, दोऱ्याला बांधलेलं पेन, आणि आधी आलेल्या माणसाचं नाव, मोबाईल नंबर, कुठल्या फ्लॅटला गेला, किती वाजता, सगळं पुढचा माणूस उभ्या उभ्या वाचतो. माझी मावसबहीण दिवाळीत आलेली, तिनं नंबर लिहिला आणि त्याच रात्री कुठल्यातरी अनोळखी नंबरवरनं तिला मेसेज सुरू झाले, शेवटी ब्लॉक करावा लागला. त्यामुळं जुनं तेच बरं असं मी म्हणणार नाही.

माझी हरकत आहे ती चेहरा ओळखणाऱ्या मशीनला, आणि ते ज्या पद्धतीनं सुरू झालंय त्याला.

ठराव अजून झालेला नाही तरी ट्रायल म्हणून कामवाल्या मावशींचं रजिस्ट्रेशन सुरू केलंय. आमच्याकडं धुण्याभांड्याला येतात त्या मावशींना सकाळी गेटवर थांबवलं, डोक्यावरचा पदर खाली घ्यायला लावला, डावीकडं बघा उजवीकडं बघा करत फोटो काढले आणि आधार कार्ड मागून त्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो कंपनीच्या पोरानं स्वतःच्या मोबाईलवर काढला. मागं बाकीच्या बायका रांगेत. मावशी वर आल्या आणि मला विचारतात, "दादा, त्यो फोटो कशाला घेतला ओ? रेशनचं काय हाय का?" म्हणजे कशासाठी घेतोय हे कुणी तोंडानं सुद्धा सांगितलं नव्हतं. हे मला अजिबात पटलेलं नाही आणि कुणाच्याही बाबतीत पटणार नाही.

बघा की साहेब, सोय आपल्याला मिळणार आणि चेहरा त्यांनी द्यायचा. आपण सभासद मिटींगला हात वर करून ठरवणार, मावशींना, ड्रायव्हरना, पेपर टाकणाऱ्या पोराला त्या मिटींगचं बोलावणंच नाही. आणि एखादी नाही म्हणाली तर गेटवरच अडणार, चार घरचं काम जाणार, मग ती नाही म्हणेल कशाला? पोटावर पाय देऊन घेतलेल्या होकाराला होकार म्हणायचं का?

कायद्याचंही तेच म्हणणं आहे. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य बंधनं तिथनं अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत, म्हणजे आपण आज जी सिस्टीम घेऊ ती त्या बंधनांखाली येणारच. त्यात संमती कशी असावी ते लिहिलंय, मोकळेपणानं दिलेली पाहिजे, कामापुरतीच माहिती घ्यायची, आणि संमती दिली तितक्याच सहज परत घेता आली पाहिजे. माहिती कशाला घेतोय याची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्ये वाचायची सोय द्यायची, त्यात मराठी आहे. म्हणजे 'फोटो कशाला घेतला' याचं उत्तर मावशींना मराठीतनं मिळणं हा त्यांचा हक्क होणार आहे, आणि माहिती कशासाठी गोळा करायची हे सोसायटी ठरवत असेल तर जबाबदारी पण सोसायटीवर येते, कंपनीकडं बोट दाखवून भागणार नाही.

कंपनीचा माणूस म्हणाला फोटो सेव्ह होत नाही, चेहऱ्याचा नुसता कोड होतो. पण त्या कोडवरनंच मशीन त्या बाईला ओळखतं ना, मग कोड कुणाच्या हातात आहे हाच प्रश्न राहतो, आणि तो मशीनमध्येच राहतो का कंपनीच्या सर्व्हरवर जातो हे विचारल्यावर त्यानं विषय बदलला. ओटीपी फुटला तर नवा येतो, चेहरा नवा कुठनं आणायचा. आणि गरज तरी काय आहे, त्याच ॲपमध्ये स्टाफला पासकोड द्यायची सोय डेमोतच दाखवली की, मावशी कोड सांगतील, वॉचमन दाबेल, एंट्री होईल. काम होतंय तर मशीनचा खर्च तरी कशाला?

डेमोतलं अजून एक स्क्रीन माझ्या डोक्यातनं जात नाही. एका बाईचं नाव, खाली ती कुठल्या कुठल्या फ्लॅटला काम करते, किती वाजता आत आली, किती वाजता गेली, आणि तिला किती स्टार. हे सगळ्या सोसायटीला दिसणार. तिला मात्र आपल्याला स्टार द्यायची सोय नाही, पगार कोण वेळेवर देतं ते कुठंच दिसणार नाही. तो भाग बंदच ठेवा.

आता ॲपच्या कराराबद्दल. पहिलं वर्ष फुकट म्हणाले, पण फुकट कशावर परवडतं ते कोटेशनमध्ये नाही, डेमोत मात्र कर्जाच्या आणि घर साफ करून देणाऱ्यांच्या जाहिराती दिसत होत्या. त्यामुळं आपले नंबर तिसऱ्याला देणार नाही हे लेखी घ्या. व्हिजिटरच्या एंट्री महिन्याभरानं आपोआप डिलीट व्हाव्यात आणि करार संपला की सगळा डेटा पुसल्याचं पत्र मिळावं. वॉचमनला आपल्याला फोन लावता यावा पण आपला नंबर दिसू नये. ॲप टाकताना कॉन्टॅक्ट्स आणि लोकेशनची परमिशन मागतं ती नाकारली तरी गेटचं काम चाललं पाहिजे, मला घरी पाहुणा आलाय हे सांगायला माझ्या मोबाईलमधले सगळे नंबर कशाला लागतात? मुलं गेटबाहेर गेली की मेसेज येतो ती सोय ज्या आईबापांना पाहिजे त्यांनीच चालू करावी, सरसकट नको. आधार लागणारच असेल तर मास्क्ड आधार घ्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

ज्यांच्याकडं स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी इंटरकॉम चालू राहू दे, आणि कागदाचं रजिस्टर पण कपाटात असू दे. २०१९ आणि २०२१ चा महापूर आपण बघितलाय, लाईट आणि नेटवर्क दोन्ही गेल्यावर गेट मोबाईलवर चालणार नाही.

कॅमेऱ्यांचं पण याच निमित्तानं बघून टाका. केबिनमधल्या डीव्हीआरवर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्यावर, पासवर्डची चिठ्ठी चिकटवलीय, आणि पासवर्ड कंपनीनं देताना होता तोच. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं असेच फॅक्टरीचे पासवर्ड असलेले जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साईट काही तास बंद पाडल्या. काही जणांनी दारावर कॅमेरावाली बेल लावलीय, ती सरळ समोरच्यांच्या दारात बघते, तो भाग सेटिंगमध्ये झाकता येत असेल तर झाकायला सांगा. अशा बेल आणि कॅमेरे बनवणाऱ्या ॲमेझॉनच्या रिंग कंपनीवर २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं कारवाई केली, कारण कंपनीचे लोक गिऱ्हाईकांच्या घरातले व्हिडिओ बघत होते, ५८ लाख डॉलर भरायला लागले. एवढ्या मोठ्या कंपनीत हे होतं तर आपला डीव्हीआर कोण कोण बघतं हे एकदा लिहून काढलेलं बरं.

मिटींगच्या अजेंड्यावर ॲप आणि मशीन हे दोन वेगळे विषय घ्या, म्हणजे एकाला हो म्हणणाऱ्याला दुसऱ्याला नाही म्हणता येईल. कराराचा मसुदा आठ दिवस आधी ग्रुपवर टाका, आणि मावशींपैकी दोघीतिघींना तेवढ्या विषयापुरतं बोलवा, त्यांचं म्हणणं त्यांच्याच तोंडून ऐकू. कराराचे मुद्दे मराठीत लिहून द्यायला मी तयार आहे, संध्याकाळी सातनंतर घरीच असतो.

फक्त त्या पोराच्या मोबाईलमधले आधारचे फोटो मिटींगची वाट न बघता आजच्या आज समोर बसवून डिलीट करून घ्या, बॅकअपमधले पण.

आपला,
बी विंगमधला एक सभासद