बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

ती. आई-बाबांना सा. न.

मागच्या फोनवर बाबांनी विचारलं होतं, "तू रेडिओवर बोलत नाहीस, बातम्या देत नाहीस, मशीनही चालवत नाहीस. मग ते लोक तुला पैसे कशाचे देतात?" आई, तू ‘सल्लागार आहे ती’ म्हणून विषय मिटवलास, पण बाबांचं समाधान झालेलं नाही हे मला इथेही कळलं. म्हणून सविस्तर लिहिते.

पैसे ऐकण्याचे देतात. इथे अमेरिकेत जाहिरातींशिवाय, श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणारी सार्वजनिक रेडिओ केंद्रं आहेत. त्यांतलं एखादं केंद्र मला त्यांच्या कार्यक्रमाचे काही भाग पाठवतं. पहिल्यांदा ऐकताना मी हातात कागद घेतच नाही. भांडी घासताना, गाडी चालवताना ऐकते, कारण श्रोते तसंच ऐकतात. माझं लक्ष कुठे उडालं तेवढं फक्त ध्यानात ठेवते. मग टेबलाशी बसून, थांबवत थांबवत, ते का उडालं ते शोधते. बहुतेक वेळा दोष विषयाचा नसतो. पाहुण्याच्या पदव्या आणि पुस्तकं सांगण्यात निवेदकाने इतका वेळ घेतलेला असतो की पाहुणा तोंड उघडेपर्यंत ऐकणारा दुसऱ्याच विचारात गेलेला असतो.

परवाचंच एक उदाहरण. शेतीच्या खतांमुळे विहिरीच्या पाण्यात नायट्रेट उतरतं, त्यावरचा वृत्तांत होता. निवेदिका प्रस्तावनेत म्हणाली, "या शेतकऱ्याने कित्येक वर्षांत स्वतःच्या विहिरीचं पाणी प्यायलेलं नाही." लगेच शेतकऱ्याचा आवाज, आणि तोही तेच सांगतो! त्याच्या तोंडचा घास तिने आधीच काढून घेतला होता. मी सुचवलं, प्रस्तावनेत एवढंच म्हणा: "यांच्या अंगणात विहीर आहे. तरी स्वयंपाकघरात बाटल्यांची रांग लागलेली असते." पुढचं तो सांगेल. बातमी तीच, माणूसही तोच, पण आता त्याचं बोलणं कानात शिरतं. माझं बरंचसं काम असं आहे: नवीन काही घालायचं नाही, आड येणारं काढायचं. त्याचे पैसे मागताना मलाही कधी कधी ओशाळल्यासारखं होतं, पण आतल्या माणसांना ते दिसत नाही हे खरं. रोज तोच कार्यक्रम करून त्यांचे कान बधिर झालेले असतात.

आणि घड्याळ! बाबा, तुम्हाला हे आवडेल. देशभरच्या केंद्रांवरून लागणाऱ्या सकाळच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा प्रत्येक तास सेकंदावर आखलेला असतो आणि त्या आखणीला ‘क्लॉक’च म्हणतात. तासाच्या सुरुवातीला 59 सेकंदांत पुढे काय आहे ते सांगायचं, मग बातम्या, मग ठरलेल्या जागी स्थानिक केंद्राने आपलं निवेदन घालायचं. तिथे संगणक आपोआप राष्ट्रीय कार्यक्रमावरून स्थानिक केंद्रावर जोडणी बदलतो. निवेदक दोन सेकंद लांबला तर त्याचं वाक्य मध्येच तुटतं, मग तो कितीही मोठा असो.

आता बाबांच्या कानांविषयी. तुम्ही म्हणता, हल्लीची माणसं पुटपुटतात. थोडं खरं आहे, पण सगळं नाही. वयानुसार आधी वरच्या पट्टीचं ऐकणं कमी होतं. स, श आणि इंग्रजीतले फ, थ ही व्यंजनं त्याच पट्टीत असतात. त्यांचा जोर मुळातच कमी, पण एक शब्द दुसऱ्यापासून ओळखू येतो तो त्यांच्यामुळेच. म्हणून माणूस बोलतोय हे ऐकू येतं, काय बोलतोय ते निसटतं. त्यात बोलण्याखाली संगीत घातलं की उरलीसुरली व्यंजनंही बुडतात. हे संगीत घालणारी मुलं पंचविशीतली असतात, बंद खोलीत उत्तम हेडफोन लावून बसलेली. त्यांना सगळं लख्ख ऐकू येतं. मी त्यांना सांगते, हेच छोट्या स्पीकरवर लावा, शेजारी नळ सोडा आणि मग सांगा काय कळलं. एकाने तोंड वाकडं केलं. म्हणाला, संगीताशिवाय कोरडं वाटतं. मी म्हटलं, कोरडं वाटलं तर लेखन सुधार. इथल्या श्रोत्यांत साठीपुढचे पुष्कळ आहेत आणि केंद्राला देणगी देणाऱ्यांतही.

देणगीवरून आठवलं, आईने विचारलं होतं की जाहिराती नाहीत तर चालतं कशावर. आकाशवाणीसारखी देशभर केंद्रं चालवणारी एक संस्था अमेरिकेत नाही. प्रत्येक केंद्राचा परवाना वेगळा, कुठे विद्यापीठाकडे, कुठे स्थानिक संस्थेकडे. श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणारं पहिलं केंद्र केपीएफए, 1949 साली बर्कलीत सुरू झालं. प्रायोजकाचं नाव घेता येतं, पण ‘आजच या’ किंवा ‘सर्वांत स्वस्त’ असं म्हणायला कायद्याने मनाई. सरकारी पैसा आला तो 1967 च्या कायद्याने. गंमत म्हणजे त्या विधेयकाच्या नावात आधी फक्त टेलिव्हिजन होतं, रेडिओ मागाहून घुसवला. त्यातूनच पुढे एनपीआर, म्हणजे या केंद्रांना राष्ट्रीय कार्यक्रम पुरवणारं नॅशनल पब्लिक रेडिओ, उभं राहिलं आणि 3 मे 1971 ला त्यांचा संध्याकाळचा पहिला कार्यक्रम वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम युद्धविरोधी निदर्शनांच्या आवाजांनी सुरू झाला. व्यासपीठावरची भाषणं नव्हे, रस्त्यावरचे आवाज. माझ्या मते आजही ती दिशा बरोबर आहे.

आता तुम्ही पेपरात वाचून घाबरलात ती बातमी. हो, खरी आहे. जुलै 2025 मध्ये सार्वजनिक रेडिओ-टीव्हीसाठी दोन वर्षांचे आधीच मंजूर झालेले सुमारे 1.1 अब्ज डॉलर सरकारने परत घेतले आणि ते वाटणाऱ्या महामंडळाने ऑगस्टच्या सुरुवातीलाच गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. मोठ्या शहरांतली केंद्रं वर्गणीवर तग धरतील. खेड्यांतल्या छोट्या केंद्रांचे हाल आहेत. तिथे श्रोतेच थोडे, मग वर्गणी कुठून येणार?

त्यामुळे मला येणारे फोन बदललेत. पूर्वी विचारायचे, नवीन कार्यक्रम कसा काढू? आता विचारतात, कोणता बंद करू? आणि बहुतेकांचं बोट आपल्याच स्थानिक कार्यक्रमाकडे असतं, कारण तो करायला माणसं लागतात, राष्ट्रीय कार्यक्रम आयता मिळतो. हिशेबाने ते बरोबरही आहे. पण राष्ट्रीय कार्यक्रम श्रोत्याला फोनवरही ऐकता येतो, त्यासाठी त्याला तुमचं केंद्र कशाला हवं? मी सांगते, रोजचा तास परवडत नसेल तर आठवड्यातून अर्धा तास करा, पण आपल्या गावचा आवाज ठेवा. काही ऐकतात, काही नाही. एका केंद्राने माझा अहवाल घेतला, आभार मानले आणि पुढच्याच महिन्यात कार्यक्रम बंद केला. सल्लागाराने तिथे फार हळहळून चालत नाही. निर्णय त्यांचा, पगार द्यायचे तेही त्यांनाच.

माझं काम चालू आहे, काळजी करू नका. कमी झालंय, बंद नाही.

एक काम तुमच्याकडे. सोबत एका नव्या कार्यक्रमाचा नमुना भाग पाठवतेय, इंग्रजीतच आहे, अर्ध्या तासाचा. दोघांनी वेगवेगळा ऐका, एकमेकांना विचारू नका. आई, तू कामं करता करता ऐक आणि कुठे कंटाळलीस ते सांग. लेकीचा आहे म्हणून गोड बोलू नकोस. बाबा, तुम्ही कानातलं यंत्र लावून एकदा आणि काढून एकदा ऐका. कोणता शब्द बुडाला आणि कितव्या मिनिटाला, ते लिहून ठेवा. रविवारी फोन करते, तेव्हा कागद जवळ असू द्या.

तुमची,
लेक