एल्सबेथचे डोळे

चि. बाळास, अनेक उत्तम आशीर्वाद.

तू जाऊन आज चार दिवस झाले. टेबलावर ठेवून गेलेलं ते चित्र रोज बघते. निघताना म्हणालास, ‘आई, हे जर्मन चित्रकार होल्बाइनने 1528-29च्या सुमारास काढलंय, बायको आणि दोन मुलांचं. स्वतःच्या बायकोला, एल्सबेथलाही त्याने जराही सजवलं नाही.’ तेव्हा बोलले नाही, गाडी दारात उभी होती.

सजवलं नाही, खरंय. पापण्या जड, डोळ्यांच्या कडा लालसर, ओठ मिटलेले. पण तिचा हात बघ, मुलाच्या खांद्यावर कसा टेकलाय. मुलगा वर बघतोय, मांडीवरची पोर हात पुढे करतेय. तिघांपैकी एकाचीही नजर चित्रकाराकडे नाही, आणि तो तर समोरच बसलेला असणार. तो निष्ठुर होता म्हणून असं काढलं, हे मला पटत नाही. 1526 मध्ये स्वित्झर्लंडमधलं बाझेल सोडून इंग्लंडला गेला, 1528 मध्ये परतला, तेव्हा त्याला एल्सबेथ अशी दिसली. दिसलं ते त्याने झाकलं नाही. माझ्या लेखी हीच माया. तरी 1532 मध्ये पुन्हा गेलाच. मध्ये एकदा येऊन गेला, पण 1543 मध्ये लंडनलाच वारला.

सूनबाई काही बोलत नाही. काल दूध उतू गेलं, तरी शेगडीपाशी तशीच उभी होती.

तिकडे तुझ्या हाताला मान मिळतोय, सगळ्यांना सांगत सुटते मी. पण दुसऱ्यांदा जाताना, दोन लेकरं असताना, माणसाने जरा... जाऊ दे. उपदेश करायचा नाही असं ठरवून बसले होते. राग मानू नकोस.

नाना पहिल्यांदा परतले तेव्हा तू माझ्या पदरामागे लपलास. त्यांनी पेटी खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘झोप होत नाही का गं?’ तेवढ्यावर मी पुढची तीन वर्षं काढली.

लग्नानंतर तू तिचं चित्र काढलंस, वेणीत गजरा घातलेलं. गोड आहे, पण त्यात ती नाही रे. आलास की पुन्हा काढ. मुद्दाम नटवून बसवू नकोस, संध्याकाळी पोरांना भरवताना काढ. डोळे लाल असले तर लालच राहू दे.

बघ, पुन्हा तिथेच आले. रविवारी फोन कर. मला नको, आधी तिला कर.

तुझी आई