ट्रेलरमधले बाबा

प्रिय आई-बाबा,
सा. न.

बाबा, आधी तुमच्या रुसव्याचं बघू. अख्ख्या वाडीला माझ्या पिक्चरचा जुना ट्रेलर दाखवून झाला आणि आता नव्यात तुमचं गिरणी संपावरचं बोलणंच नाही, म्हणून तुम्ही फोनवर येत नाही असं आई म्हणाली. पिक्चरमध्ये ते सगळं जागेवर आहे हो. १८ जानेवारी १९८२, अडीच लाख कामगार, डॉक्टर दत्ता सामंतांचं पुढारपण, तुमची बदली कामगाराची पाळी, काही कापलेलं नाही. पण जुन्या अडीच मिनिटांत आम्ही संपापासून ते मॉलच्या दारातून तुम्ही माघारी फिरता तिथपर्यंत सगळंच सांगून टाकलं होतं. वर्गातल्या एकाने विचारलंच, "आता पिक्चर कशाला बघायचा?"

नवा ट्रेलर सव्वा मिनिटाचा आहे. मिलच्या चिमणीने सुरू होत नाही. गिरणगाव म्हटलं की ज्याला त्याला चिमणीच दिसते, वैताग आलाय मला तिचा. आता पहिला शॉट तुमच्या हातांचा. आठवतं, लोअर परळच्या फुटपाथवर तुम्ही टांगलेल्या शर्टाचं कापड चिमटीत धरलंत, उजेडाकडे केलंत, अंगठ्याने वीण चाचपलीत आणि काही न बोलता सोडून दिलंत? जुन्यात तो शॉट जेमतेम अर्धा सेकंद होता, म्हणजे बारा फ्रेम. आता चार सेकंद ठेवलाय. गटातली मुलं म्हणतात, लोक कंटाळतील. मला नाही वाटत. कापड विणायच्या साच्यावर उभं राहिलेला माणूस कापडाला कसा हात लावतो, ते चार सेकंद बघायला काय हरकत आहे?

पुढे तुमचा चेहरा, आणि लगेच मिलच्या जागी उभा राहिलेला काचेचा टॉवर. ते बघून आमच्या बाई म्हणाल्या, "वडिलांच्या डोळ्यांत केवढं दुःख आहे!" तुम्ही तेव्हा पानवाल्याकडून सुट्टे पैसे यायची वाट बघत होतात, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. शंभरेक वर्षांपूर्वी कुलेशॉव्ह नावाच्या रशियन दिग्दर्शकाने हेच करून बघितलं होतं. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा, पुढे कधी सूपची वाटी, कधी शवपेटी. लोकांना वाटलं, नटाने दर वेळी वेगळा अभिनय केला. तेव्हा तुम्हीही वाडीत खुशाल अभिनयाची शेखी मिरवा.

आई, आता तुझं काम. ट्रेलरला मी गाणं लावणार नाहीये. जुन्यातलं सिनेमातलं होतं, ते बाहेर कुठे दाखवायचं तर हक्कांची परवानगी हवी, आणि तसंही ते फार रडवं होतं. शेवटी पडदा काळा होतो तेव्हा फक्त तुझं वाक्य हवंय: "अहो, भोंगा झाला, उठा." शूटिंगच्या वेळचं आहे माझ्याकडे, पण त्यात तुझ्या आवाजापेक्षा खोलीतल्या पंख्याची घरघर जास्त.

तर दुपारी लाइट गेली की फोनवर रेकॉर्ड कर, तेव्हा पंखा आणि फ्रिज दोन्ही गप्प असतात. डोक्यावरून गोधडी घे, म्हणजे आवाज घुमणार नाही. फोन तोंडापासून वीतभर लांब धर. आणि गोड आवाज काढू नकोस, रोज उठवायचीस तशीच वैतागून बोल. पाच-सहा वेळा म्हण, मी निवडेन. बाबांना तेवढा वेळ पडवीत बसव, ते मध्येच खोकतात.

तुमची,
नमू