भर उन्हात पीसी तपासून देणाऱ्या दादास

दादा,
सप्रेम नमस्कार.

पीसी जोडायला व्हिडिओ बघून कोणीही शिकतं. जोडलेला पीसी दमाचा आहे का हे बघायला मात्र तुझ्यासारखा चिकट माणूस लागतो. आखाजीला गावी आलास आणि सुट्टी माझ्या कॅबिनेटपुढे घालवलीस, त्याबद्दल मनापासून आभार.

मला टेस्ट रात्री, जरा गारव्यात घ्यायची होती. तू म्हणालास, "थांब ना भो, दुपारी दोनला लावू." भुसावळची दुपार, पारा ४४ च्या पुढे, खोलीत एसी नाही! पण तुझं खरंच होतं. इंटरनेटवरचे आकडे गार खोल्यांतले असतात. आपली खोली जितके अंश जास्त तापलेली, जवळपास तितकाच प्रोसेसरही जास्त तापतो.

सिनेबेंच, म्हणजे प्रोसेसरला पूर्ण ताण देऊन स्कोअर सांगणारा प्रोग्रॅम, १० मिनिटं चालवलं तर माझा रायझन ५ ७६०० प्रोसेसर थेट ९५ अंशांवर जाऊन बसला. माझा हात स्विचकडे गेला, तुझा चहाच्या कपाकडे. ९५ ही तो बनवणाऱ्या एएमडी कंपनीनेच ठरवलेली कमाल मर्यादा, तिथे पोचला की तो आपला वेग आपणच आवरतो, हे तू तेव्हा सांगितलंस. मग बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, मर्यादा ८५ केलीस. सिनेबेंचचा स्कोअर थोडा उतरला. गेममध्ये काही जाणवलं नाही, कारण गेम प्रोसेसरचे सगळे कोअर (काम करणारे भाग) एकदम पिळत नाही.

६००० वेगाची रॅम ४८०० वर धावतेय, हेही तुझ्याच नजरेत आलं. रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं एक्स्पो प्रोफाइल चालू केलंस, वर रॅममध्ये चुका होतात का हे बघणारी मेमटेस्ट रात्रभर लावून ठेवलीस. घाई मला होती, तुला नव्हती.

सगळ्यात कामाचं म्हणजे 'एक टक्का लो'. मी सरासरी एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम (चित्रं), बघून खूश होतो. सरासरी १०० असली तरी सर्वांत संथ एक टक्का फ्रेम ३० वर आल्या, की गेम खड्ड्यातून चाललेल्या एसटीसारखा धक्के देतो. आता मी आधी तोच आकडा बघतो.

कूलरचं ओलं वारं कॅबिनेटवर येऊ नये म्हणून टेबलही हलवलंय. पैसे तू घेतले नाहीस. आईने बांधून दिलेल्या खापरावरच्या पुरणपोळ्या तरी वाटेत संपवल्यास ना? दिवाळीला येशील तेव्हा ग्राफिक्स कार्डचं व्होल्टेज कमी करायला शिकव.

तुझाच,
धाकटा भाऊ