शेजार मोडला तर दाद कुठे मागायची?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘द ऑरेंजेस’ या अमेरिकी चित्रपटाबद्दल आपल्या पत्रस्तंभात गेल्या आठवड्यात एका वाचकांचं पत्र आलं होतं. बापाच्या वयाचा माणूस जिवलग मित्राच्या मुलीशी संबंध ठेवतो, असले सिनेमे मोबाइलवरून घराघरांत पोचतात, त्यात 2018 साली कायदाही काढून टाकला, मग संसार टिकायचे कसे, असा त्यांचा सूर. मी कोल्हापूरच्या कोर्टात दिवाणी आणि कौटुंबिक कज्जे चालवणारी वकील आहे. हा सिनेमा मी पाहिलाय. पत्रात कायदा साफ चुकलाय आणि सिनेमा अर्धाच सांगितलाय, म्हणून हा पत्रप्रपंच.

कायद्याचं आधी उरकते. 27 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं ते भारतीय दंड संहितेचं कलम 497. त्याबद्दल बोलतात सगळे, वाचलंय थोड्यांनी. दुसऱ्याच्या बायकोशी, त्या दुसऱ्याच्या संमतीवाचून संबंध ठेवला तर पुरुषाला पाच वर्षांपर्यंत शिक्षा, असं ते कलम होतं. नवऱ्याची संमती असली तर गुन्हा नाही! स्वतःचा नवरा बाहेर गुंतला तर बायकोला या कलमाखाली तक्रार करता येत नव्हती, आणि तो ज्या बाईत गुंतलाय ती बिनलग्नाची असेल तर गुन्हाच होत नव्हता. सिनेमातली ती मित्राची मुलगी, नीना, सज्ञान आहे, अविवाहित आहे. म्हणजे हीच गोष्ट 2018 च्या आधी आपल्या रुईकर कॉलनीत घडली असती तरी 497 लागलं नसतं. घटस्फोटाला परसंबंध हे कारण तेव्हाही पुरत होतं, आजही पुरतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 मधल्या त्या कारणाला या निकालाने हात लावलेला नाही. तेव्हा मोडक्या संसारांचं खापर त्यावर फोडण्यात अर्थ नाही.

आता सिनेमा. 2011 चा, ज्युलियन फॅरिनो या दिग्दर्शकाचा. न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंज या उपनगरात रस्त्याच्या अलीकडे-पलीकडे दोन घरं, वॉलिंग आणि ऑस्ट्रॉफ यांची. डेव्हिड (ह्यू लॉरी) आणि टेरी (ऑलिव्हर प्लॅट) सकाळी बरोबर पळायला जाणारे मित्र. सण दोन्ही घरांचे एकत्र. ठरलेलं लग्न मोडून टेरीची मुलगी नीना बऱ्याच वर्षांनी घरी येते. तिचं समोरच्या डेव्हिडच्या मुलाशी, टोबीशी, जमावं म्हणून आईची खटपट चाललेली, आणि पोरगी गुंतते ती टोबीच्या बापात. गोष्ट सांगते डेव्हिडची मुलगी व्हेनेसा, एकेकाळची नीनाची मैत्रीण.

पत्रलेखकांना घाण वाटली ती इथवरची. पण ज्या घरांत ‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही मालिका 2016 पासून 2021 पर्यंत जेवणाच्या ताटावर पाहिली गेली, त्या घरांनी या दीड तासाला नाकं मुरडावीत, याचं मला हसू येतं. तिथे शनाया वाईट, राधिका चांगली आणि गुरुनाथ बावळट, हे पहिल्या आठवड्यातच ठरलं होतं. कुणाच्या नावाने बोटं मोडायची ते माहीत असलं की घास सुखाने उतरतो. या सिनेमात ती सोय नाही. नीना कुणाला फसवून आलेली नाही, डेव्हिड बाईलवेडा नाही. दोघं समोरासमोर बसून सांगतात की आम्हाला एकमेकांच्या सहवासात बरं वाटतं. अस्वस्थ करतं ते हे. आणि वयातल्या अंतराचा विषय परदेशातून आला असंही नाही. 1929 साली आपल्या कोल्हापुरात उभ्या राहिलेल्या ‘प्रभात’ने पुढे पुण्यात गेल्यावर 1937 मध्ये ‘कुंकू’ काढला, तो म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेल्या तरुण मुलीवरच. तिथली नीरा नाही म्हणते आणि इथली नीना हो म्हणते, एवढा फरक. तोही काही लहान नाही म्हणा.

माझी तक्रार वेगळी आहे. या सगळ्यात ज्यांचं काहीच चुकलेलं नाही अशी दोन माणसं आहेत, डेव्हिडची बायको पेज आणि मित्र टेरी. सिनेमा त्यांना हातचं राखून वाटा देतो. पेज घर सोडते. एका प्रसंगात ती अंगणातल्या नाताळच्या सजावटीवर सरळ गाडी घालते, आणि आपण हसतो. कॅथरीन कीनर हिने ते केलंयही झकास. पण सजावट तुडवून झाल्यावर त्या बाईच्या मनात काय उरलं, ते पाहायला सिनेमा थांबत नाही. हसवून पुढे सरकतो.

टेरीचं तर त्याहून वाईट. त्याची मुलगी गेली असं म्हणता येत नाही, ती समोरच्या अंगणात दिसते. गेला तो मित्र. बायको सोडून गेली तर आमच्याकडे अर्जाचा नमुना आहे, मुलांच्या ताब्याचा आहे, पोटगीचा आहे. मित्र गेला, शेजार गेला, तर कुठल्या कलमाखाली यायचं?

माणसं येतात, पण दुसऱ्याच नावाने. सामाईक भिंतीचा दावा, गच्चीवरून पडणाऱ्या पागोळीचा दावा, फाटकासमोर गाडी लावतात म्हणून मनाई हुकमाचा अर्ज. कैफियतीत चार इंचांची भिंत असते. उलटतपासणीच्या तयारीला बसलं की पक्षकार हळूच सांगतो, “मॅडम, भिंतीचं काय नाही ओ, पण त्यांच्याकडं आमचं जाणं-येणं होतं.” मग दिवाळीच्या फराळाची ताटं निघतात, गावाला जाताना समोर ठेवलेली किल्ली निघते, 2019 च्या महापुरात त्यांच्याच वरच्या मजल्यावर काढलेल्या रात्री निघतात. यातलं एक अक्षर दाव्यात लिहिता येत नाही. लिहिलं तरी त्याला कोर्ट फी काय लावणार?

पेठेत असं काही घडलं तर गल्ली बोलते. चौकात दोन शिव्या जातात, तालमीतली वडीलधारी मंडळी मध्ये पडतात. ती चांगलंच करतात असं नाही, बाईच्या बाबतीत तर बहुतेक वेळा वाईटच करतात, पण मामला तोंडावर होतो. कॉलनीत कुणी काही म्हणत नाही. कंपाउंडवर पत्रा चढतो, फिरायला जायची वेळ साडेपाचाची साडेसहा होते, आणि गणपतीच्या आरतीला एक कुटुंब दुसरं गेल्यावर येतं. नागाळा पार्क काय, आर. के. नगर काय आणि वेस्ट ऑरेंज काय, बंगल्यांच्या रांगेत राहणारी माणसं सभ्य असतात ती अशी. सिनेमाने हे नेमकं टिपलंय, आणि आक्षेपाच्या पत्रात याबद्दल अवाक्षर नाही.

मालिकांना आणि सिनेमांना शूटिंगसाठी कोल्हापूर काही नवं नाही. पण कॅमेरा वळतो तो रंकाळ्याकडे, वाड्याकडे, नाहीतर उसाच्या फडाकडे. उपनगरातल्या दोन बंगल्यांमधल्या रस्त्याकडे कुणी वळवेल का? वळवलाच तर कृपा करून बायकोला चार प्रसंग जास्त द्या, आणि दोन मित्रांना एकदा तरी मिसळीच्या टेबलावर समोरासमोर बसवा. कोर्टाचा प्रसंग घालायचा असेल तर मात्र आधी विचारा, आपल्या सिनेमांतली कोर्टं बघवत नाहीत. फी घेणार नाही.

आपली,
एक वकील वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर