नंदू, तू अर्धा बरोबर होतास

पुणे, रविवार रात्र

प्रिय नंदू,

गणपतीपासून ना पत्र ना फोन. राग नव्हता रे, तुझं ते वाक्य घशात अडकून बसलं होतं: “वेंडेल स्कॉटचं जॅक्सनव्हिल म्हणजे साधी मोजणीतली चूक, त्यात कातडीचा रंग कशाला आणतोस?” मी ताटावरून उठून गेलो होतो. नॅसकारच्या, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींच्या, जॅक्सनव्हिलच्या फेरीत जिंकला काळा ड्रायव्हर वेंडेल आणि विजेता म्हणून पुकारला दुसराच, त्यावरून आपलं भांडण. आज लिहितोय, कारण तू अर्धा बरोबर होतास आणि हे दुसऱ्या कुणाला सांगण्यात अर्थ नाही. इथे स्टॉक कार म्हटलं की लोकांना शोरूमच्या मागचं गोडाऊन आठवतं. तब्येत बरी आहे, साखर आटोक्यात.

तर मोजणी. आजच्यासारखा गाडीला फेऱ्या आपोआप नोंदवणारा ट्रान्सपाँडर नव्हता. प्रत्येक गाडीमागे एक माणूस कार्ड घेऊन बसायचा, बऱ्याचदा ड्रायव्हरच्याच घरचा. समोर मोठं चालू घड्याळ. आपली गाडी रेषेवरून गेली की घड्याळातली वेळ पुढच्या चौकटीत लिहायची. भरलेल्या चौकटी मोज, फेऱ्या कळल्या. दोघांच्या फेऱ्या सारख्या असल्या तर शेवटची वेळ बघ. आता नजर दोन सेकंद हलली किंवा धुळीत आकडा दिसला नाही, तर अख्खी फेरी गेली. कार्ड तपासायची युक्तीही सोपी आहे. अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक आणि ताशी साठ मैलांचा वेग धरला तर फेरी तीस सेकंदांची. दोन चौकटींत साठ सेकंदांचं अंतर दिसलं आणि गाडी पिटमध्ये (इंधन-दुरुस्तीच्या थांब्यावर) गेली नव्हती, तर मधली नोंद राहिली, एवढंच. पण हे शर्यत संपल्यावर, कार्डं टेबलावर आल्यावरच कळतं. शर्यत संपल्याचा झेंडा मात्र आधीच पडलेला असतो.

तुझ्या लाडक्या पेटी घराण्याचंच बघ ना, बाप ली आणि पोरगा रिचर्ड, दोघंही ड्रायव्हर. 1959 ची पहिली डेटोना 500 शर्यत. जॉनी बोशॅम्पला विजयी ठरवलं, त्याचा सत्कारही झाला. फोटो आणि न्यूजरील तपासून 61 तासांनी निकाल फिरला आणि लीच्या नावावर विजय लागला. त्याच वर्षी जूनमध्ये, अटलांटाच्या लेकवूडला, रिचर्ड जिंकला म्हणून झेंडा पडला आणि तक्रार कुणी केली? खुद्द बापाने! कार्डं तपासली, लीचं बरोबर निघालं, पोराचा पहिला विजय बापाकडे गेला. नाहीतर तू रिचर्डच्या 200 ऐवजी 201 विजयांनी माझे कान किटवले असतेस.

म्हणजे मोजणी चुकते. मान्य.

आता जॅक्सनव्हिल, 1 डिसेंबर 1963. 200 फेऱ्यांची शर्यत. शेवटच्या पंचवीसेक फेऱ्या उरल्या असताना वेंडेलने रिचर्डला मागे टाकलं, रिचर्डची गाडी तेव्हा कुरकुरत होती. वेंडेलच्या 200 भरल्या तरी झेंडा नाही. तो पळवतच राहिला, एकूण 202. बक बेकरला विजेता म्हणून जाहीर केलं, तो तर दोन फेऱ्या मागे! एक चौकट राहून हा फरक पडत नाही, निदान दोन नोंदी हरवायला हव्यात. तरी तुझ्यासाठी तेही धरतो. धूळ असेल, झोप लागली असेल.

पण दोनेक तासांनी कार्डं जुळली, विजय वेंडेलचा हे अधिकाऱ्यांनी मान्य केलं. तोवर प्रेक्षक घरी गेले होते आणि बेकरचा सत्कार उरकला होता. इथे तुझं गणित संपतं, नंदू. विजय नोंदवहीत चढला, पण चषक वेंडेलच्या हाती आला नाही. चषक तर एकच होता, त्यात मोजायचं काय होतं? त्याच्या घरचे सांगत आले की विजेत्याला सौंदर्यवतीने चुंबन द्यायची रीत होती आणि गोरी मुलगी काळ्या ड्रायव्हरला चुंबन देतेय हे गर्दीसमोर आयोजकांना नको होतं.

वेंडेल म्हणजे व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचा गॅरेजवाला माणूस, इंजिन स्वतः उघडायचा, क्रू म्हणजे घरची पोरं. 495 शर्यती, तो एक विजय. 1973 ला टॅलाडेगाच्या ट्रॅकवरच्या अपघाताने कारकीर्द जवळपास संपली, 1990 ला गेला. नॅसकारच्या हॉल ऑफ फेममध्ये 2015 ला घेतलं. घरच्यांच्या हाती नॅसकारने चषक दिला तो ऑगस्ट 2021 मध्ये, डेटोनाला. लीसाठी 61 तास, ह्याला जवळपास 58 वर्षं. त्याच वर्षी ऑक्टोबरात बबा वॉलेस टॅलाडेगाला जिंकला, नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेत वेंडेलनंतरचा पहिलाच काळा विजेता. तेव्हा तू मला फोन केला होतास, आठवतंय? बराच वेळ आपण दोघंही बोललो नव्हतो.

वहिनींचा गुडघा कसा आहे? पिंकीच्या दहावीचं काय झालं ते कळव. काकूंना नमस्कार.

तर झेंड्याची चूक मी तुला देऊन टाकली. चषक कुठल्या चौकटीत हरवला तेवढं तू लिही. पोस्टकार्डावर नको, तुझं अक्षर बारीक.

तुझा,
अवि