रात्रीची साक्ष कोण घेणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. माझे पती मराठा लाइट इन्फंट्रीत 24 वर्षं नोकरी करून 2018 मध्ये हवालदार म्हणून घरी आले. आमच्याकडे घरटी एक फौजी असतो, त्यामुळे गुडघा गेला, कान गेले, बोटं थंडीनं गेली असल्या गोष्टी पारावर मोकळेपणानं बोलल्या जातात. मी ज्या आजाराबद्दल लिहिते आहे त्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. तो झोपेत होतो आणि लोक त्याला नुसतं घोरणं समजतात.

यांना स्लीप ॲप्निया आहे. झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते. छाती वरखाली होत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मग मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागं करतो, मोठा आवाज होऊन श्वास सुटतो आणि पुन्हा तेच. सकाळी त्याला यातलं काहीही आठवत नाही. 2017 मध्ये यांची झोपेची तपासणी झाली. रात्रभर अंगाला वायरी लावून मोजलं, तेव्हा तासाला 46 वेळा श्वास अडत होता. 30 च्या वर आकडा गेला की डॉक्टर आजार तीव्र धरतात. ऑक्सिजन 71 टक्क्यांपर्यंत उतरला होता.

त्यानंतर वर्षभरात निवृत्तीचं मेडिकल बोर्ड झालं. रक्तदाब 30 टक्के, स्लीप ॲप्निया 20 टक्के, दोन्ही मिळून 40 टक्के अपंगत्व बोर्डानं मान्य केलं. पुढच्या रकान्यात मात्र लिहिलं की हे आजार सैनिकी सेवेमुळे झालेले नाहीत आणि सेवेमुळे वाढलेलेही नाहीत. फौजी लोक या शेऱ्याला त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘नाना’ म्हणतात. ‘बोर्डानं नाना लावला’ एवढं कुणी म्हटलं की पुढचं सगळ्यांना कळतं. अपंगत्व 20 टक्के किंवा जास्त असून भागत नाही, ते सेवेमुळे झालं किंवा वाढलं असं ठरावं लागतं. तरच डिसॅबिलिटी पेन्शन मिळते. आमच्या कागदावर कारण एका ओळीत आहे: वजन जास्त, आणि आजाराची सुरुवात 2017, पीस स्टेशन, म्हणजे सीमेपासून दूरची शांततेची छावणी.

मला बोलायचं आहे ते या ‘सुरुवात 2017’ बद्दल.

2017 मध्ये आजार सापडला. तो सुरू कधी झाला हे मला माहीत आहे, कारण मी तो पाहिला आहे. आमचं लग्न 2001 मधलं. माझी नोकरी गावात, त्यामुळे फॅमिली क्वार्टरमध्ये मी कधी कायम राहिले नाही. वर्षातून दोन महिने हे सुट्टीवर यायचे, तेवढाच आमचा संसार. रोज बघणाऱ्याला जो बदल कळत नाही, तो दहा महिन्यांनी बघणाऱ्याला लगेच कळतो. 2008 च्या सुट्टीपर्यंत हे शांत झोपायचे. 2009 मध्ये पलटण उत्तर सिक्कीमला गेली, उंचावरच्या पोस्टवर. 2010 च्या मे महिन्यात घरी आले त्याच्या दुसऱ्या रात्री मी दचकून उठले, कारण घोरण्याचा आवाज एकदम बंद झाला होता. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा ऐकू येत होता. मी मोजायला लागले. बावीसपर्यंत गेले आणि मग यांनी पाण्यातून वर आल्यासारखा श्वास घेतला.

त्या सुट्टीत मी अकरा रात्री मोजलं. शाळेची टाचणवही उशाशी असायची, तिच्या मागच्या पानांवर तारखा आणि आकडे लिहिले. 22, 18, 31, 27. आजार काय आहे हे मला ठाऊक नव्हतं. काही झालंच तर डॉक्टरांना सांगता यावं, एवढाच विचार होता. ती वही अजून आहे.

यांना सांगितलं तर म्हणाले, ‘वरती सगळ्यांचंच तसं होतं.’ ते अगदी खोटंही नव्हतं. खूप उंचीवर धडधाकट माणसाचाही श्वास झोपेत लयीत राहत नाही, मध्येच थांबतो. तो प्रकार वेगळा असतो आणि खाली आल्यावर बहुतेकांचा जातो, असं आम्हाला पुढे डॉक्टरांनी समजावून सांगितलं. पण पोस्टवर दोघांतला फरक कोण ओळखणार? घोरणं म्हणजे थकवा आणि श्वास अडणं म्हणजे पहाड, असंच सगळे धरून चालतात. यांचं खाली आल्यावरही गेलं नाही. दर सुट्टीत वाढतच गेलं.

मग सांगितलं का नाही, हा प्रश्न बोर्डानं विचारला होता आणि बोर्डाच्या निर्णयाविरुद्ध आम्ही केलेल्या अपिलातही तोच आला. त्याचं उत्तर फौजीच्या घरातल्या कुणालाही विचारा. या आजाराचं दिवसाचं लक्षण म्हणजे झोप. बसल्या जागी डोळा लागतो. सैन्याच्या कायद्यात पहाऱ्यावर झोपणं हा गुन्हा आहे. रायफल घेऊन उभा असलेला जवान कुठल्या तोंडानं सांगणार की साहेब, मला दिवसा झोप आवरत नाही? हे संत्री ड्युटीवर जाताना तंबाखूत जास्त चुना घालायचे, जीभ भाजली की डोळा लागत नाही म्हणून. एकदा सैनिक संमेलनात बसल्या बसल्या मान पडली, तर पंधरा दिवस बोलणी खाल्ली. शिवाय मेडिकल कॅटेगरी उतरली की बढती अडते, कोर्स जातात. शेप-वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्तीच्या कॅटेगरीत, राहण्यासाठी माणसं ताप अंगावर काढतात, तिथं घोरण्याची तक्रार घेऊन कोण जाईल? आळशी म्हणून शिव्या खाणं त्यांना सोपं वाटलं. मला आजही त्याचं वाईट वाटतं. सात वर्षं मीसुद्धा यांना ‘जरा व्यायाम करा’ एवढंच सांगत राहिले.

वजनाचं मी नाकारत नाही. भरतीच्या वेळी 58 किलो होतं, 2017 मध्ये 84. वजन वाढलं की मानेभोवती चरबी वाढते आणि श्वासाची वाट आणखी अरुंद होते, हे खरंच आहे. पण झोप मोडलेल्या माणसाची भूक वाढते, अंगात व्यायामाचं बळ राहत नाही, आणि वजन आणखी वाढतं, हेही डॉक्टरच सांगतात. रक्तदाबाचंही तसंच. 2014 पासून यांना तीन गोळ्या चालू होत्या. झोपेत मुखवट्यातून हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं मशीन लागल्यावर वर्षभरात एकीवर आल्या. तरी बोर्डाच्या कागदावर रक्तदाब आणि झोप या एकमेकांशी ओळख नसलेल्या दोन गोष्टी आहेत.

कायदा सैनिकाच्या बाजूनं बराच बोलतो, हे मला अपिलाचे कागद तयार करताना कळलं. सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2013 मध्ये धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सांगितलं की भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नाही, तो पुढे उद्भवला तर माणूस निरोगी भरती झाला होता असं धरून चालावं. आजार सेवेशी जोडलेला आहे हे सिद्ध करण्याचं ओझं सैनिकावर नाही, संशयाचा फायदा त्याला मिळाला पाहिजे, आणि बोर्ड नाही म्हणत असेल तर त्यानं कारणं लिहावीत. दिल्ली उच्च न्यायालयानं 2025 मध्ये मधुमेह झालेल्या एका माजी सुभेदाराच्या बाबतीत म्हटलं की आजार पीस स्टेशनला सुरू झाला, एवढं कारण पुरेसं नाही. हे वाचलं तेव्हा मी रडले. मग मनात आलं, निकाल इतका स्पष्ट आहे तर तीच ओळ कागदावर पुन:पुन्हा का येते? प्रत्येक हवालदारानं मुंबईला सशस्त्र दल न्यायाधिकरणात जाऊन वकील लावायचा का?

पैशाचंही सांगते, कारण लोक विचारतात. आम्ही उपाशी नाही. सर्व्हिस पेन्शन मिळते, माझा पगार आहे. डिसॅबिलिटीचा भाग शंभर टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या 30 टक्के असतो. 40 टक्के अपंगत्व नियमानं 50 धरलं जातं, म्हणजे पगाराच्या 15 टक्के. 45,000 पगार धरला तर 6,750 रुपये आणि वर महागाई. एवढ्यात मशीनचा मुखवटा, नळी, फिल्टर सुटतात. आमच्याकडे रात्री वीज जाते. वीज गेली की मशीन बंद पडतं, आणि तोंडावर मुखवटा असलेला माणूस घुसमटून उठतो. पहिल्या पावसाळ्यात तीन वेळा असं झालं, तेव्हा 22,000 रुपये घालून इन्व्हर्टर घेतला. ज्यांच्या घरात दुसरा पगार नाही, त्यांचं मशीन कपाटात पडून असतं. आमच्याच तालुक्यात अशी दोन घरं मला माहीत आहेत.

माझ्या मावसबहिणीचा मुलगा अमेरिकेत टेक्सासमध्ये असतो. त्याच्या शेजारी एक निवृत्त सैनिक राहतात, त्यांनाही हाच आजार. त्यांच्याकडून कळलं की तिथल्या माजी सैनिक खात्यात स्लीप ॲप्नियाला स्वतंत्र क्रमांक आहे, 6847. दिवसा सतत झोप येत असेल तर 30 टक्के अपंगत्व, श्वासाचं मशीन वापरावं लागत असेल तर 50. आजार सेवेशी जोडला आहे हे तिथंही दाखवावं लागतं, आणि आजाराचं निदान झोपेच्या तपासणीनंच होतं. तिथंही सगळं सुरळीत आहे असं नाही. 2022 मध्ये हे टक्के कमी होतील असे निकष पुढे आले आणि माजी सैनिक अस्वस्थ झाले. पण एक गोष्ट ऐकून मी थक्क झाले. बॅरकमध्ये शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्या सोबत्याचं आणि बायकोचं लेखी निवेदन तिथं पुरावा म्हणून दाखल होतं. अमुक साली, अमुक ठिकाणी, हा माणूस झोपेत श्वास थांबवत होता, मी पाहिलं आहे. आजाराचं नाव सांगायचं नाही, ते डॉक्टरांचं काम. डोळ्यांनी जे दिसलं, तेवढंच लिहायचं.

या आजारात शेजारी झोपणाऱ्याशिवाय दुसरा साक्षीदार असूच शकत नाही हो! रुग्ण स्वतः झोपलेला असतो. आमच्या बोर्डाच्या फॉर्मवर ‘आजार कधी व कुठे सुरू झाला’ हा रकाना यांनी स्वतःच भरला. जवळच्या क्लार्कनं सांगितलं, तपासणीची तारीख टाका, यांनी टाकली आणि सही केली. तोच कागद पुढे यांच्याच विरुद्ध उभा राहिला. मला कुणी विचारलं असतं तर मी टाचणवही घेऊन गेले असते. मला विचारण्याची जागा त्या फॉर्मवर मला कुठे दिसली नाही.

21 सप्टेंबर 2023 नंतर निवृत्त होणाऱ्यांना नवे नियम लागू आहेत, त्यात पूर्ण नोकरी करून येणाऱ्यांच्या डिसॅबिलिटीच्या भागाला ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ असं नाव दिलं आहे. नाव काहीही असो, सुरुवात कधी झाली हा प्रश्न त्या मुलांनाही विचारला जाणारच. म्हणून लष्कराच्या वैद्यकीय विभागाला माझी हात जोडून विनंती आहे. जवानाला रक्तदाबाची पहिली गोळी सुरू करता त्याच दिवशी त्याच्या झोपेची चौकशी करा, आणि ती त्याच्याकडे नको, त्याच्या बडीकडे, म्हणजे जोडीदार जवानाकडे, आणि बायकोकडे करा. एक फोन पुरेसा आहे. आणि फॉर्मवर आजार ‘सापडला’ आणि ‘सुरू झाला’ या दोन तारखा वेगवेगळ्या घ्या. ज्या घरांत नवरा सुट्टीवर आलाय आणि रात्री आवाज एकदम बंद होतोय, त्या बहिणींना सांगते, तारीख लिहून ठेवा, सेकंद मोजा, फोनवर आवाज भरून घ्या, आणि सुट्टी संपायच्या आत त्यांना लष्करी रुग्णालयात दाखवा.

आमचं पहिलं अपील चौदा महिन्यांनी फेटाळलं गेलं, त्याच एका ओळीनं. दुसऱ्या अपिलाच्या वेळी मी यांच्या जुन्या बडीचा पत्ता शोधला. ते आता कोल्हापूर जिल्ह्यात शेती करतात. फोनवर मी विचारलं, ‘भाऊ, सिक्कीमला असताना हे रात्री कसे झोपायचे?’ ते जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, ‘वहिनी, मी त्याला रात्री लाथ मारून उठवायचो. मला वाटायचं, मेला.’ तेवढंच त्यांनी कागदावर लिहून दिलं, पोस्टचं नाव आणि 2009 चा डिसेंबर महिना घालून. तो कागद आणि टाचणवहीच्या चार पानांच्या झेरॉक्स आम्ही अपिलाला जोडल्या आहेत. पोच अजून आलेली नाही.

आपली,
एका माजी हवालदाराची पत्नी
ता. कोरेगाव, जि. सातारा
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे. कृपया प्रसिद्ध करू नये.)